साठाच्या पुढे जात नाही

रविवार, २ नोव्हेंबर

साठ! सकाळी आठला पिन लावली, आता दुपारचे साडेतीन — आणि लॅपटॉप साठ टक्क्यांवर ठाण मांडून बसलाय. खाली कोपऱ्यात इंग्रजीत सांगतो, प्लग लावलाय, पण चार्ज होत नाही. म्हणजे पानावर बसलाय, पण घास उचलत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत शंभर भरायचा.

चार वाजता मास्तरणीचा व्हिडिओ कॉल. आजच कसं अंगात आलं याच्या!

साडेपाच. झाला कॉल. साठात भागलं.

मास्तरीण म्हणजे माझी सून. म्हणजे — होती. हे वाक्य मला पाच महिन्यांत एकदाही धड लिहिता आलेलं नाही. पोरगा गेला त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर अडीच वर्षं आम्ही दोघंच या घरात, सासरा आणि सून, एकमेकांना 'जेवलात का' विचारत. मग मीच तिच्या मागे भुणभुण लावली — बाई गं, लग्न कर. तिला आईवडील नाहीत. मी आज आहे, उद्या कोण? जूनमध्ये झालं लग्न. चांगली माणसं आहेत. आता ती दुसऱ्या गावात, दुसऱ्यांची सून. मग माझी कोण? कागदावर शोधायला गेलं तर कोणीच नाही. म्हणून मास्तरीण म्हणतो. सत्तरीत मला कॉम्प्युटर शिकवला तिने, हातावर छडी मारायची तेवढी बाकी ठेवली होती. हे नातं तरी कोणाच्या लग्नाने बदलत नाही.

लॅपटॉप तिचाच. जाताना टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "राहू दे इथे. नाहीतर तुम्ही दिसणार कसे मला?" माझा फोन बटणांचा, त्यात आवाज येतो, माणूस येत नाही.

दर रविवारी बोलणं झालं की ती म्हणते, "चला बाबा, फिरवा." मग मी पिन काढतो आणि उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून तिला घरभर हिंडवतो. स्वयंपाकघर, गॅलरीतल्या कुंड्या, माझं कामाचं टेबल. "डावीकडे घ्या. अहो, तुमचं पोट दिसतंय नुसतं. वर धरा!" बॅटरी गेली तर हे हिंडणं गेलं. वायर लावून माणूस किती फिरणार? गोठ्यातल्या बैलाएवढा.

तिला साठाचं सांगितलं. जरा थांबली. मग म्हणाली, "असं होय? बघावं लागेल हं. उद्या डब्याच्या सुट्टीत फोन करते."

उद्या! म्हणजे सोमवारी!

सोमवार, ३ नोव्हेंबर

चाळीस वर्षं मोटरी बांधल्या. जळकी वाइंडिंग काढायची, नवी तार भरायची, वार्निश पाजायचं. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हाताने शिकवलं. कारखान्यात एक शिस्त होती. आलेल्या प्रत्येक मोटरीला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर तीन ओळी. तक्रार, तपास, उपाय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तर —

तक्रार: साठाच्या पुढे जात नाही.
तपास: तिन्ही खोल्यांतली सॉकेटं बदलून पाहिली. प्रत्येकी एक तास.
उपाय: नाही.

एक वाजून दहाला फोन. ना नमस्कार ना चमत्कार, एकदम — "आज किती टक्के?"

"साठ."

"हं. मग सॉकेट नव्हे. उद्या अ‍ॅडॉप्टर बघा."

मी म्हटलं, तू कधी कधी तिथून माझ्या पडद्यावरचा बाण हलवतेस ना, तशीच आत शिरून बघ की. तर म्हणाली, "छे, हे इथून नाही दिसत. हातानेच तपासावं लागतं." ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. मागे बाटल्या धुतल्याचा आवाज. डबा खाता खाता बोलत होती. सात मिनिटं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तपास: अ‍ॅडॉप्टरला मल्टिमीटर लावला. साडेएकोणीस व्होल्ट, सुईसारखे सरळ. वायर मुळाशी वाकवून, पिळून पाहिली — काटा हलला नाही. गरमही बेताचाच. निर्दोष.

"आज किती टक्के?"

"साठ."

"अगदी एकसष्टही नाही?"

"नाही गं बाई. खुंटा ठोकल्यासारखा."

मग तिच्या नव्या गावातल्या मोडकळीला आलेल्या बसची गोष्ट. मग माझ्या गुडघ्याची. अकरा मिनिटं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

साठ. नऊ मिनिटं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तपास: पिन जिथे शिरते ते भोक. भिंग लावून, टॉर्च धरून बघितलं. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून साफ केलं. लाकडाचीच काडी हं, लोखंड नाही, आतल्या आत शॉर्ट व्हायचं! केवढातरी कापसासारखा केर निघाला. वाटलं, सापडला चोर.

साठ.

तिला सांगितलं तर हसली. "बाबा, तुमच्या मोटरींतून उंदराचं घरटं निघायचं. त्या मानाने मी स्वच्छ राहते." मी राहते, म्हणाली. राहायचे नव्हे, अजून इथेच असल्यासारखं. तिचं तिला कळलं नसावं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज मजा. ती म्हणाली, पूर्ण बंद करा, पिन काढा, चालू करायचं बटण दाबून धरा आणि तीस मोजा. अडकलेली वीज उतरते. हे मला पटलं, आम्हीही कपॅसिटर आधी रिकामा करायचो.

"मोठ्याने मोजा, मला ऐकू येऊ दे."

मी मोजायला लागलो. पाचानंतर तीही माझ्याबरोबर मोजायला लागली. तिकडे सात, इकडे सात. अठरा, एकोणीस. तिच्याकडे कोणीतरी विचारलं, "काय मोजताय?" ती म्हणाली, "थांबा हो, बाबांचं चाललंय." आणि बावीसपासून पुढे धरलं.

तीस झाले तरी माझं बोट बटणावरच.

साठच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तपास: बॅटरी फुगली आहे का. फुगली तर धोका, आग धरते. टेबलाच्या काचेवर लॅपटॉप ठेवून चारी कोपरे दाबून पाहिले. डुगडुगत नाही. पाठीवरून पट्टी फिरवली, सपाट.

शेजारची शिवणवाली झाकणाचा डबा मागायला आली होती. मी लॅपटॉपचे कोपरे दाबतोय ते बघून म्हणते, "भाऊ, पाय चेपताय का त्याचे?"

रविवार, ९ नोव्हेंबर

व्हिडिओ. आठवडाभर रोज आवाज ऐकला, तरी ती दिसली तेव्हा काळजात लख्खकन झालं. केस कापलेत. मानेपर्यंतच. म्हटलं, छान दिसतंय. खोटं नाही बोललो, पण सवय व्हायला वेळ लागेल.

तिचा नवरा मागून गेला. वाकून म्हणाला, "काका, नमस्कार. झाला का बरा पेशंट?" भला माणूस आहे. भला आहे हेच बरं आणि तेच जरा — जाऊ दे.

मग आतून त्याच्या आईचा आवाज. "अगं, किती वेळ ते?" एवढंच. चिडून म्हणाल्या, का चहा गार होतोय म्हणून, ते आवाजावरून कळेना. मास्तरणीने मान वळवली. मीच म्हटलं, बॅटरी संपत आली, ठेवतो.

चव्वेचाळीस टक्के होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शिवणवाली डबा परत द्यायला आली, ती बसलीच. एक वाजला होता. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं. तिच्या नजरेतून सुई सुटत नाही, तर हे काय सुटणार!

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. रोज फोन बरा नव्हे. नवा संसार आहे तिचा. उद्या तिकडच्यांनी म्हणायला नको, हिचं पहिलं घर सुटत नाही म्हणून."

"मी करत नाही, तीच करते."

"तुम्ही काहीतरी बिघडवून ठेवता म्हणून करते."

"मी कुठे बिघडवलं? ते आपोआप बिघडलंय!"

"तेच म्हणते मी. लवकर दुरुस्त करा."

ती गेली आणि फोन वाजला. "आज किती टक्के?" आज नीट बोलता आलं नाही. चार मिनिटांत उरकलं. मीच उरकलं.

मग दुपारभर स्वतःवर धुमसत बसलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाजारातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. त्याने काहीतरी टाइप केलं, बॅटरीचा सगळा इतिहास काढला.

"काका, चौऱ्याण्णव टक्के ताकद शिल्लक आहे हिची. तुमच्या-माझ्यात नसेल एवढी."

"मग साठावर का अडते?"

"ठेवून जा. परवा या. आतबाहेर सगळं बघून ठेवतो."

ठेवून जा म्हणाला आणि मी लॅपटॉप काखोटीला मारला. म्हटलं, नको, मीच बघतो घरी. त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. वेडा समजला असेल.

परतीच्या बसमध्ये खरं कारण कळलं. परवा तो म्हणाला असता, घ्या काका, झाला — तर? तर शनिवारी एक वाजून दहाला काय वाजलं असतं?

शिवणवाली बोलली त्यात काही चूक नव्हती तर. फार लाज वाटली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं!!

आज ठरवून बसलो. पिन, वायर, बॅटरी सगळं निर्दोष, म्हणजे दोष लोखंडात नाही, हुकमात आहे. मोटर फिरत नाही तेव्हा कधी कधी मोटर चांगली असते, कोणीतरी वरून स्विच बंद केलेला असतो. खिशातला शब्दकोश घेतला आणि लॅपटॉपचं एकेक पान उघडत गेलो. अकरा वाजता एका पानावर बॅटरीचं चित्र. खाली तीन ओळी. लावला अर्थ: लॅपटॉप सतत प्लगला लागलेला असेल तर ही सोय चालू करा. चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबेल. बॅटरी अनेक वर्षं टिकेल.

आणि शेजारी छोटंसं बटण. चालू!

म्हणजे बिघाड नव्हताच. बॅटरीला कोणीतरी पथ्य लावून दिलं होतं. मी पिन काढायला विसरतो, दिवस दिवस लागलेली असते हे खरंच. बहुतेक स्वतःच चालू झालं असेल, हे लॅपटॉप अलीकडे आपलं आपण काय काय करतात.

बटण बंद केलं. श्वास रोखून कोपऱ्याकडे बघत बसलो. एकसष्ट! बासष्ट! एकटाच टाळी वाजवली. एकाहत्तर वर्षांचा घोडा मी.

एक वाजून दहा.

"आज किती टक्के?"

मी बघितलं. समोर पंच्याऐंशी होते.

"साठ," म्हटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी उठल्या उठल्या ते बटण परत चालू केलं. म्हणजे निदान साठ म्हटलेलं खरं तरी ठरेल! पण वर चढलेली बॅटरी काही आपण होऊन खाली येईना. मग पिन काढली, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, आवाज वाढवला, कुठलीशी बातम्यांची वाहिनी लावून दिली आणि समोर बसून राहिलो. साडेबारापर्यंत साठावर आणला. घाम फुटला. दुरुस्तीला कधी एवढे कष्ट पडले नव्हते.

"आज किती टक्के?"

"साठ." छातीठोक.

"लॅपटॉपचं तोंड खिडकीकडे करून चार्ज करून बघता का?"

असं कुठे असतं? विजेला खिडकी कळते? पण बिचारीचे उपाय संपले असतील. हो म्हटलं. आणि केलंही खिडकीकडे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कारखान्यात आमच्यात एक होता, त्याला आम्ही गोडबोल्या म्हणायचो. बऱ्या झालेल्या मोटरीच्या चिठ्ठीवर 'बेअरिंग सैल' लिहून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा यायचं. एकदा मी त्याची चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडली होती. म्हटलं होतं, चिठ्ठीवर खोटं लिहिणाऱ्याने पाना खाली ठेवावा. नंतर सहा महिने बोललो नाही त्याच्याशी.

आज दुपारी मी तिला सांगितलं, मधेच अठ्ठावन्न झाले होते, मग परत साठ. कोणी विचारलंही नव्हतं! आपणहून! बोलणं जरा लांबावं म्हणून.

चौदा मिनिटं बोलली. चिठ्ठी फाडणारा कोणी नाही आता.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सांगायचंच, असं ठरवून बसलो होतो. ती दिसली आणि मूग गिळले.

"चला बाबा, फिरवा. पुरेल ना साठात?"

"पुरेल."

स्वयंपाकघरात खिडकीपाशी म्हणाली, "इथे थांबा जरा. बाहेर धरा."

बाहेर काय? गल्ली. दोन सायकली, एक वाळत घातलेली चादर, समोरच्या जिन्यावर बसलेली मांजर. मी लॅपटॉपचं तोंड बाहेर करून धरलं, त्यामुळे ती मला दिसेना आणि मी तिला. दोघं एकाच गल्लीकडे बघत होतो. हात भरून आले. मी कोपरं कठड्यावर टेकवली. मांजर उठून गेली तरी धरून होतो.

शेवटी म्हणाली, "बास. हात दुखले असतील."

"छे."

बॅटरीत बत्तीस उरले होते. आज ते मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उपाय म्हणे, अ‍ॅडॉप्टर उंचावर ठेवा. ठेवला कपाटावर. साठ. बारा मिनिटं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उपाय म्हणे, चार्ज होताना आवाज बंद ठेवा. ठेवला. साठ. पंधरा मिनिटं! तिची अर्धी सुट्टी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज तिने विचारलं, "बाबा, मी रोज फोन करते त्याचा तुम्हाला त्रास होत नाही ना? दुपारची झोप मोडते तुमची."

घशाशी आलं होतं, सांगून टाकावं. मी म्हटलं, "लॅपटॉप बरा होईपर्यंत चालेल की."

ती म्हणाली, "हो. बरा होईपर्यंत."

ती डबा सोडून माझ्या नसलेल्या बिघाडावर डोकं चालवते, आणि मी? तिच्या घासातला वेळ खोटं सांगून घेतो. तिचे नवे लोक काय म्हणत असतील? शिवणवालीने सांगितलेलं तेच खरं होऊन बसेल. मीच लग्न लावून दिलं आणि मीच पदर धरून ठेवलाय!

उद्या सांगतो. चिठ्ठी खरी लिहायची.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

"आज किती टक्के?"

"शंभर."

तिकडचा बाटल्यांचा आवाज थांबला.

मी भडाभडा बोललो. बटण सापडलं ते, आठ दिवस झाले ते, अठ्ठावन्न झाले होते तेही खोटं. माफ कर म्हटलं. म्हातारपणी माणूस कोडगा होतो. आता तुझा डबा नीट खात जा.

तिने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ते बटण मीच चालू केलं होतं, बाबा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, इथूनच. तुम्ही पिन काढत नाही, बॅटरी जाईल म्हणून. सांगायचं राहून गेलं."

"मग मी विचारलं तेव्हा —"

"तेव्हा लगेच आठवलं मला."

"आणि उंचावर ठेवा, खिडकीकडे तोंड करा?"

"दुसरं काही सुचेना. तुम्ही इलेक्ट्रिकची माणसं, मला वाटलं हसाल आणि पकडाल."

मी कसला पकडतो!

हसलो दोघं. पण ते हसणं लवकर संपलं. मी म्हटलं, "आधीच का नाही बोललीस?"

"नुसता फोन कोणत्या नात्याने करू? इथे विचारलं कोणी, कोणाला रोज फोन करतेस, तर लॅपटॉप बिघडलाय म्हणता येत होतं." मग अगदी हळू — "आता उद्या काय विचारू?"

तिची सुट्टी संपली. उत्तर द्यायचं राहिलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शंभर टक्के. एक वाजून दहा झाले. दीड झाला. दोन.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नाही.

शिवणवालीने विचारलं, "झाला दुरुस्त?" हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाली, पण माझं तोंड बघून बसली नाही. जाताना दार हळू लावून गेली.

रविवार, २३ नोव्हेंबर

साडेतीनलाच बसलो. पिन काढून, पडदा पुसून, शर्ट बदलून. चार वाजता कॉलऐवजी फोनवर तिचा मेसेज आला. "आज जमणार नाही. मी बरी आहे. काळजी करू नका."

काळजी नाही करत. रिकाम्या पडद्यात माझंच तोंड दिसत होतं, तेवढं झाकलं.

एकटाच सगळ्या घरातून एक चक्कर मारली. खिडकीपाशी थांबलो. तिच्याशिवाय ही गल्ली बघायची मला सवयच राहिली नाही.

खरं सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय का? होतोय. इथे तरी खोटं लिहीत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दुपारी एकला बटणावर बोट ठेवून बसलो होतो. साठावर परत आणावा आणि आपणच फोन करावा — अगं, पुन्हा अडकलाय बघ. पाच मिनिटं बोट तिथेच.

मग झाकण मिटलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, भरदार. "मी तिची सासू बोलतेय. चार दिवस झाले, डबा जसाच्या तसा परत आणते ही. काल खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, साठ टक्के काय नि काय! मी म्हटलं, अगं वेडे, माणसाने वडिलांना फोन करायला लॅपटॉप बिघडावा लागतो का? आता आठ दिवस रजा काढायला लावली आहे तिला. सांगा, व्याही, कधी पाठवू तुमच्या लेकीला?"

त्या तिकडे "हॅलो, हॅलो" करत राहिल्या.

शेवटी म्हटलं, "उद्याच पाठवा, विहीणबाई."